नोकरीची मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाखतीची तारीख मिळाली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी तयारीचे, मग प्रत्यक्ष मुलाखतीतले आणि शेवटी अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तिथे क्रमांक दिला आहे. मुलाखत उद्याच असेल तर ३, ७ आणि ८ एवढेच वाचा आणि वेळेवर झोपा.

१. पहिल्या काही सेकंदांतच सगळं ठरतं असं ऐकलंय. मग एवढी तयारी कशाला?

मत लवकर बनतं आणि पुढचं सगळं त्याच मताच्या चष्म्यातून दिसत राहतं, एवढं खरं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवलं होतं, की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसाला एका बाबतीत वरचा मानत असतील, तर बुद्धी, नेतृत्व, शरीरयष्टी अशा फारसा संबंध नसलेल्या बाबतींतही त्याला वरचेच गुण देतात. पण मुलाखत तिथे संपत नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर मुलाखतकाराला फॉर्म भरायचा असतो किंवा हाच माणूस का, ते वरिष्ठांना सांगायचं असतं. 'छान वाटला' एवढ्यावर भागत नाही. 'साठ्यातला फरक शोधायला आठवडा लागायचा, याने मोजणीचा क्रम बदलून ते काम दोन दिवसांवर आणलं' हे वाक्य मात्र जसंच्या तसं फॉर्ममध्ये जातं. समोरच्याला लिहिता येईल असं काहीतरी देऊन यायचं, या हिशेबानेच खालची बहुतेक उत्तरं दिली आहेत.

२. शब्दांपेक्षा देहबोलीला ९३ टक्के महत्त्व असतं ना?

नाही. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला आणि वाटेत त्याचा संदर्भ गळून पडला. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून किंवा सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. ताळेबंद कसा जुळवता हे सांगताना शब्दांचा वाटा ७ टक्के कसा असेल?

देहबोलीत नडणाऱ्या गोष्टी टाळल्या तरी पुरे. खुर्चीत पूर्ण मागे बसा म्हणजे पाठ आपोआप सरळ राहते. कडेवर टेकलेला माणूस उठायच्या तयारीत दिसतो. हात दिसतील असे ठेवा. पेनशी खेळायची सवय असेल तर टिकटिक न वाजणारं पेन न्या. ऐकताना बोलणाऱ्याकडे पाहा. विचार करताना नजर बाजूला गेली तर काही बिघडत नाही. सतत टक लावून पाहिलं तर समोरचाच अवघडतो.

३. आदल्या दिवशी नेमकी काय तयारी करायची?

नोकरीची जाहिरात छापून घ्या आणि त्यात मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. साधारण सहा ते आठ निघतात. प्रत्येकीसमोर स्वतःच्या कामातलं एक उदाहरण दोन-तीन शब्दांत लिहा. जिथली जागा रिकामी राहील तिथेच प्रश्न येणार असं धरून चाला आणि उत्तर आधीच ठरवा: 'हे मी केलेलं नाही, त्याच्या जवळचं अमुक काम केलंय.'

मग स्वतःचा बायोडाटा वाचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपणच लिहिलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टवर ततपप करणारे उमेदवार खूप असतात. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. '३० टक्के वाढ' लिहिलं असेल तर कशात, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणी मोजली, हे तिन्ही विचारतात.

कंपनीबद्दल तीन गोष्टी पुरतात: ती काय विकते, कुणाला विकते आणि गेल्या वर्षभरात तिथे काय बदललं. संस्थापकांचं जन्मसाल पाठ करून काही साधत नाही.

फाइलमध्ये बायोडाट्याच्या तीन प्रती, ओळखपत्र, मूळ प्रमाणपत्रं व त्यांच्या झेरॉक्स, दोन कोरे कागद आणि चालणारी दोन पेनं ठेवा. प्रमाणपत्रं अलीकडची वर, जुनी खाली. मागितलेला कागद चटकन काढून दिला तर कुणी कौतुक करत नाही, पण पिशवी मांडीवर पालथी घालून दोन मिनिटं चाचपडलात तर ते लक्षात राहतं. पत्ता आणि संपर्काचा नंबर कागदावरही लिहून घ्या.

४. कपडे कसे असावेत? सूट हवाच का?

तिथले लोक रोज जे घालतात त्याहून एक पायरी औपचारिक, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. अंदाज येत नसेल तर मुलाखत ठरवणाऱ्या व्यक्तीला सरळ विचारा. हा प्रश्न कुणाला खटकत नाही. कारखान्यात किंवा साइटवर फेरी होणार असेल तर बंद बूट लागतात, नाहीतर दारावरच अडवतात.

दोन दिवस आधी तो पोशाख घालून खुर्चीत बसून पाहा. उभं असताना नीट दिसणारा शर्ट बसल्यावर बटणांच्या मध्ये फाकतो, पँट घोट्याच्या वर चढते. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, टाच सोलली की चाल बदलते आणि लक्ष तिथेच राहतं. परफ्यूम नकोच; बंद खोलीत तो समोरच्याच्या डोक्यात जाऊ शकतो.

५. किती वेळ आधी पोहोचायचं?

इमारतीपाशी अर्धा तास आधी, रिसेप्शनवर दहा मिनिटं आधी. मोठ्या संकुलात गेटपास आणि तपासणी असते, तिथे आणखी दहा मिनिटं धरा. पाऊण तास आधी जाऊन नाव सांगितलं की कुणालातरी हातातलं काम टाकून तुमची सोय बघावी लागते. उशीर होणार असेल तर प्र. २२ पाहा.

गेटवरचा माणूस, रिसेप्शनवरची व्यक्ती, लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला अनोळखी चेहरा यांच्याशी नीट बोला. त्यांतलंच कुणीतरी दहा मिनिटांनी टेबलापलीकडे बसलेलं असू शकतं. फोन पूर्ण बंद करा. सायलेंटवर ठेवलेला फोन टेबलावर थरथरला की सगळ्यांचं बोलणं थांबतं.

६. आत गेल्यावर हात मिळवायचा की नमस्कार करायचा?

समोरचा करेल तेच. त्याने हात पुढे केला तर दोन-तीन सेकंद, घट्ट पण न दाबता. तळहाताला घाम येत असेल तर आत जाण्याआधी रुमालाने पुसा आणि फाइल डाव्या हातात धरा. बसायला सांगितल्यावर बसा. कुणी सांगायला विसरलं तर 'बसू का?' एवढं विचारा.

७. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर किती आणि काय सांगायचं?

मिनिट ते दीड मिनिट. बोलायच्या वेगाने हे साधारण १२० ते १८० शब्द होतात. जन्म, शाळा, घरची माणसं यांपासून सुरुवात केली तर नमनालाच घडाभर तेल जातं आणि कामाची गोष्ट येईपर्यंत समोरचा बायोडाटा चाळायला लागतो. उलट्या क्रमाने जा: आता काय करता, त्याआधी काय केलंत, एखादं मोठं काम, आणि इथे का.

'सध्या मी एका औषध वितरकाकडे खरेदी विभागात आहे, चार वर्षं झाली. पुरवठादारांशी दर ठरवणं आणि मुदत संपत आलेल्या मालाचा हिशेब ठेवणं ही दोन कामं माझ्याकडे आहेत. त्याआधी दोन वर्षं गोदामात होतो, त्यामुळे माल कुठे अडकतो ते जवळून पाहिलंय. तुमच्या जाहिरातीत खरेदी आणि गोदाम एकाच माणसाकडे आहे, म्हणून अर्ज केला.'

यात एखाद्या मोठ्या कामाची तीन-चार वाक्यं घातली की वेळ भरते. शिवाय 'मुदत संपत आलेल्या मालाचं काय करता?' असा पुढचा प्रश्न तुम्हीच सुचवलेला असतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं. शब्दन् शब्द पाठ करू नका. घोकलेल्या उताऱ्यात एक शब्द निसटला की सगळंच अडतं. वरचे चार थांबे लक्षात ठेवा, वाक्यं दर वेळी नवी येऊ द्या.

८. 'एखादा कठीण प्रसंग सांगा' म्हटलं की माझं उत्तर भरकटतं. काय करू?

अशा प्रश्नांसाठी 'स्टार' नावाची पद्धत जगभर वापरतात: परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम. बऱ्याच मुलाखतकारांपुढच्या फॉर्ममध्येही हेच रकाने असतात. उत्तर दोन मिनिटांचं धरलं तर परिस्थितीला २० सेकंद, जबाबदारीला १०, कृतीला निदान एक मिनिट आणि उरलेला वेळ परिणामाला.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच टप्प्यावर. कंपनी कशी होती, साहेब कसे होते, कोण सुट्टीवर होतं, हे सांगण्यात दीड मिनिट जातं आणि 'मग आम्ही ते सोडवलं' असं म्हणून उत्तर संपतं. मुलाखतकाराच्या कृतीच्या रकान्यात लिहायला काहीच राहत नाही. दुसरा घोळ 'आम्ही'चा. टीमचं श्रेय टीमला द्याच, पण तुमच्या हातून काय झालं ते वेगळं सांगा: 'टीम चौघांची होती. ग्राहकांच्या तक्रारींचं वर्गीकरण माझ्याकडे होतं.'

कृती सांगताना पायऱ्या दिसल्या पाहिजेत. 'मी नीट संवाद साधला' या वाक्यातून काहीच कळत नाही. 'दोन्ही विभागांना एकत्र बसवलं, कोणती माहिती कुणाकडून किती वाजेपर्यंत यायला हवी याचा एक तक्ता केला आणि पहिले दोन आठवडे रोज सकाळी तो मी स्वतः तपासला' यातून माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

परिणामाचा आकडा नसेल तर तो बनवू नका. आधी काय होत होतं आणि नंतर काय व्हायचं थांबलं, एवढं सांगितलं तरी चालतं: 'आधी महिन्याच्या शेवटी रात्री थांबावं लागायचं, नंतर त्या कामासाठी कुणी थांबलं नाही.'

असे पाच-सहा प्रसंग तयार ठेवा: मतभेदाचा, कमी वेळाचा, नवं काही शिकावं लागल्याचा, स्वतःहून पुढाकार घेतल्याचा आणि फसल्याचा. प्रश्न कसाही फिरवून आला तरी यांतला एक लागू पडतो. फसल्याचा प्रसंग खराच फसलेला असू द्या. शेवटी सगळं गोड झालेली गोष्ट अपयश म्हणून खपत नाही. त्यानंतर कामाच्या पद्धतीत तुम्ही काय बदललंत, हे त्यात मुख्य.

९. मी फ्रेशर आहे. सांगायला अनुभवच नाही.

प्र. ८ ची पद्धत कॉलेजच्या प्रोजेक्टला, इंटर्नशिपला, कार्यक्रमाच्या आयोजनाला किंवा घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळण्यालाही लागू पडते. फ्रेशरकडून मोठ्या कामाची अपेक्षा नसतेच. हाती घेतलेलं काम तडीस नेता का आणि शिकता का, ते पाहायचं असतं. प्रोजेक्ट चौघांत केला असेल तर तुमचा भाग कोणता, याच मुद्द्यावर खोदून विचारतील. मित्राने लिहिलेला भाग आपला म्हणून सांगितलात तर तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडाल.

१०. 'तुमच्या उणिवा सांगा' याला खरं उत्तर द्यायचं का?

हो, पण निवडून. 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे ऐकून मुलाखतकार मनातल्या मनात सुस्कारा सोडतो. या कामाच्या मुळावर न येणारी खरी उणीव घ्या आणि तिच्यावर आता काय करताय ते सांगा: 'काम दुसऱ्याला सोपवायला मला जड जायचं. आता आठवड्याच्या सुरुवातीलाच कुठलं काम कुणाकडे ते लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी ते माझ्याकडेच राहत नाही.' हिशेबनीसाच्या जागेसाठी गेलात आणि 'आकडेमोडीत घाई होते' म्हणालात, तर त्या प्रामाणिकपणाचा उपयोग नाही.

११. उत्तर येतच नसेल तर?

'हे मला माहीत नाही' असं स्पष्ट म्हणा आणि तिथेच न थांबता पुढचं वाक्य जोडा: 'शोधायचं झालं तर मी आधी अमुक तपासेन.' वेळ मारून नेणारं उत्तर अनुभवी मुलाखतकाराला लगेच ओळखू येतं आणि मग तो आधीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका घेतो. प्रश्न कळला नसेल तर आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करा. विचाराला वेळ हवा असेल तर तसं सांगून दहा-पंधरा सेकंद गप्प बसायला हरकत नाही.

गणित, कोडिंग किंवा केस सोडवायला दिली तर मोठ्याने विचार करा. उत्तर चुकलं तरी वाट बरोबर होती हे त्यांना दिसतं. गप्प बसून चुकलात तर फक्त चूक दिसते.

१२. मुलाखतीत माझी बोबडी वळते. शांत कसं राहायचं?

शांत व्हायच्या मागे लागू नका. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त पटण्यासारखी ठरली. धडधड दोन्हींत सारखीच असते, तिला नाव वेगळं द्यायचं.

बाकीचे उपाय साधे आहेत. श्वास घेताना चार आणि सोडताना सहा अंक मोजा, असं पाच-सहा वेळा. कॉफी नेहमीएवढीच, जास्त नको. हात कापत असतील तर ती भर घालते. तोंड कोरडं पडतं, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवा. उत्तरांचा सराव मनात न करता मोठ्याने करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली', 'बेसिकली' किती वेळा येतं ते ऐकून बहुतेक जण स्वतःच चकित होतात. फारच गडबडलात तर 'पुन्हा सुरुवात करतो' म्हणा आणि करा. असं म्हटल्याने कुणी गुण कापत नाही.

१३. समोर चार-पाच जणांचं पॅनेल असेल तर कुणाकडे पाहून बोलायचं?

ज्याने विचारलं त्याच्याकडे पाहून सुरुवात करा, मधल्या वाक्यांत नजर इतरांवर फिरवा आणि शेवट पुन्हा त्याच्याकडे पाहून करा. सर्वांत वरिष्ठ दिसणाऱ्याकडेच बोलत राहायची चूक सर्रास होते. तुमच्याबरोबर रोज काम करणारी व्यक्ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते आणि तिचं मत तिथे बऱ्यापैकी वजनदार असतं. नावं सांगितली जातील तेव्हा कोऱ्या कागदावर बसण्याच्या क्रमाने टिपून घ्या.

१४. ऑनलाइन मुलाखतीत काय वेगळं लक्षात ठेवायचं?

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो खालून बघतो, समोर नाकपुड्या आणि छत दिसतं. खाली चार-पाच जाड पुस्तकं ठेवली की काम होतं. प्रकाश समोरून येऊ द्या. मागे खिडकी असली तर चेहरा काळा पडतो. चौकटीत डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग दिसावा.

बोलताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे न बघता लेन्सकडे बघा. अवघड वाटत असेल तर व्हिडिओची खिडकी ओढून लेन्सच्या अगदी खाली आणा आणि स्वतःचा चेहरा लपवा, नाहीतर लक्ष तिथेच जातं. वायरचे इअरफोन ब्लूटूथपेक्षा भरवशाचे. त्यांची बॅटरी संपत नाही आणि ऐन वेळी ते दुसऱ्या फोनला जोडले जात नाहीत. आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक सेकंद थांबूनच बोला.

आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच जागी, त्याच अ‍ॅपवर कुणालातरी कॉल करून पाहा. अ‍ॅपचं अपडेट बहुधा मुलाखतीच्या दोन मिनिटं आधीच समोर येतं. स्क्रीनवर दिसणारं नाव तपासा. घरच्या कुणाच्या लॉगिनने जाऊन भलत्याच नावाने बसलेले उमेदवार नेहमी दिसतात. चार्जर लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि मुलाखतकाराचा नंबर आधीच मागून घ्या. कनेक्शन तुटलं तर लगेच मेसेज टाका, फोनवरून परत जोडा आणि माफी एका वाक्यात आटपा. शेअर करायची वेळ येऊ शकते, म्हणून स्क्रीनवरचे खासगी टॅब बंद ठेवा.

१५. समोर कुणीच नसतं, फक्त उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. ते कसं जमवायचं?

तयारी प्र. १४ सारखीच. फरक असा की प्रश्न दिसल्यावर विचाराला बहुधा अर्धा-एक मिनिट आणि उत्तराला एक ते तीन मिनिटं मिळतात, आणि पुन्हा रेकॉर्ड करता येईलच असं नाही. त्यामुळे सूचना पूर्ण वाचल्याशिवाय 'स्टार्ट' दाबू नका. सरावाचा प्रश्न दिला असेल तर तो सोडू नका. वेळ संपली की वाक्य मध्येच तुटतं, म्हणून परिणाम आधी सांगा आणि तपशील नंतर. लेन्सशेजारी एक हसरा फोटो चिकटवा. बोलायला कुणीतरी मिळतं.

१६. ऑनलाइन मुलाखतीत चॅटजीपीटीची मदत घेतली तर कळतं का?

बऱ्याचदा कळतं. प्रश्नानंतर दर वेळी तेवढाच थांबा, डोळे डावीकडून उजवीकडे वाचत जाणारे आणि बोलण्यात नसलेली पुस्तकी वाक्यं. शंका आली की मुलाखतकार एकच करतो: 'हे तुमच्या कामातल्या उदाहरणासकट सांगा.' तिथे गाडी अडते, आणि अडली की निवड तर जातेच, पुढच्या अर्जालाही तिथे दार बंद होऊ शकतं. तयारीत मात्र ते जरूर वापरा: जाहिरात देऊन संभाव्य प्रश्न काढायला आणि स्वतःच्या उत्तरावर उलटप्रश्न विचारून घ्यायला.

१७. मुलाखत इंग्रजीत आहे आणि माझं इंग्रजी बेताचं आहे.

छोटी वाक्यं बोला आणि वेग कमी ठेवा. उच्चारापेक्षा वेगामुळे जास्त गोंधळ होतो. कामात रोज लागणारे वीस-पंचवीस शब्द आणि प्र. ८ मधले प्रसंग इंग्रजीत मोठ्याने बोलून पाहा. मनात सगळंच सोपं वाटतं. शब्द अडला तर त्याचं वर्णन करा. पाठ केलेली भारी वाक्यं मध्येच घुसडू नका, आजूबाजूच्या साध्या वाक्यांत ती उठून दिसतात. एखादा मुद्दा दुसऱ्या भाषेत सांगू का, असं विचारता येतं. कामात भाषा महत्त्वाची नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात.

१८. पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा सांगायचा का?

पहिल्या फेरीत विचारलं तर 'या पदासाठी तुम्ही काय पट्टा ठरवलाय?' असं आधी विचारून पाहा. पुन्हा तुमच्यावरच आलं तर टाळाटाळ नको. तशाच पदांच्या जाहिराती आणि त्या क्षेत्रातले ओळखीचे लोक यांच्याकडून काढलेला पट्टा सांगा. त्याचा खालचा आकडा असा ठेवा की तेवढ्यावर तुम्ही खरोखर रुजू व्हाल, कारण बोलणी बहुधा तिथूनच सुरू होतात. सध्याचा पगार फुगवून सांगू नका, रुजू होताना वेतनपावत्या मागितल्या जाऊ शकतात. एकूण पॅकेज आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक बोलतानाच स्पष्ट करून घ्या.

१९. 'तुम्हाला काही विचारायचंय?' यावर काय विचारू?

चार-पाच प्रश्न लिहून न्या, त्यांतले एक-दोन बोलण्यातच सुटतात. 'पहिल्या सहा महिन्यांत या माणसाने काय केलं तर निवड योग्य होती असं तुम्ही म्हणाल?' हा प्रश्न आमच्या मते सर्वांत कामाचा, कारण उत्तरातून कामाचं खरं स्वरूप कळतं. जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं म्हणून रिकामी झालीय, टीममध्ये किती जण आणि निर्णय कधीपर्यंत, हेही विचारा. वेबसाइटवर पहिल्याच पानावर असलेली माहिती विचारली की तयारी उघडी पडते. सुट्ट्या आणि घरून काम हे विषय ऑफर आल्यावर मोकळेपणाने बोलता येतात. मात्र तुमची अट त्यावरच अडत असेल तर आधीच सांगा, दोघांचा वेळ वाचतो.

२०. मधल्या काळात गॅप आहे, किंवा मला काढून टाकलं होतं. कसं सांगू?

दोन वाक्यांत, सारवासारव न करता, आणि लगेच आजवर या: 'आईच्या आजारपणामुळे चौदा महिने काम थांबवलं होतं. आता ती जबाबदारी संपलीय आणि गेल्या तीन महिन्यांत मी अमुक शिकलो.' कपातीत गेलात तर तसं सांगा. कामावरून काढलं असेल तर कारण, त्यातला आपला भाग आणि नंतर बदललेली गोष्ट, एवढं पुरे. तारखा ओढूनताणून गॅप बुजवू नका. आधीच्या ठिकाणी चौकशी झाली की ते बाहेर येतं आणि रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते.

२१. आधीच्या साहेबांशी पटत नव्हतं म्हणून सोडतोय. खरं सांगू का?

साहेबांचं नाव न काढता कामाची बाजू सांगा: 'तिथे निर्णय घ्यायला वाव नव्हता, इथे तो दिसतो.' तुमची तक्रार रास्त असली तरी मुलाखतकाराला दुसरी बाजू ऐकायची सोय नसते, म्हणून तो नोंद तुमच्या बोलण्याच्या सुराची करतो.

२२. वाटेत अडकलो आणि उशीर होणार हे कळलं, तर?

ठरलेली वेळ होण्याआधी फोन करा आणि पोहोचायची खरी वेळ सांगा. दहा मिनिटं म्हणून अर्ध्या तासाने गेलात तर उशीर दोनदा होतो. दुसरी वेळ चालेल का, हेही तुम्हीच विचारा. पोहोचल्यावर एकदा माफी मागून विषय सोडा. ताप असेल, आवाज बसला असेल तर सकाळीच कळवून पुढची तारीख मागा.

२३. लग्न, मुलंबाळं, आजार याबद्दल विचारलं तर उत्तर द्यावं लागतं का?

नाही. बऱ्याचदा या प्रश्नामागे 'फिरतीवर जाल का, वेळ पाळाल का' ही शंका असते. तिचंच उत्तर द्या: 'कामाच्या वेळा आणि फिरती मला जमणार आहे.' तरीही रेटलं तर 'याचा या कामाशी काय संबंध आहे?' असं शांतपणे विचारा. तिथलं वातावरण कसं आहे हे त्यांच्या उत्तरातून कळेल.

बोलताना अडखळणं, ऐकू कमी येणं, चढउतार न जमणं अशी अडचण असेल आणि सोय हवी असेल तर मात्र ती तारीख ठरतानाच स्वतःहून सांगितलेली बरी. खोलीत गेल्यावर जुळवाजुळव करायला कुणालाच वेळ नसतो.

२४. प्रतिस्पर्धी कंपनीतून आलोय म्हणून ते तिथली आतली माहिती विचारतात. काय करू?

ग्राहकांची नावं, दर, न आलेलं उत्पादन यांतलं काहीही सांगू नका. 'ते गोपनीय आहे, पण मी काम कसं केलं ते सांगतो' म्हणा आणि आकडे टक्क्यांत किंवा आधी-नंतर असे सांगा. कधीकधी हीच परीक्षा असते. नसली तरी जो दुसऱ्याचं सांगतो तो उद्या आपलंही सांगेल, हे त्यांनाही कळतं.

२५. मुलाखतकाराने बायोडाटा वाचलाच नव्हता, सारखा मोबाइल बघत होता. अशा वेळी?

मनावर घेऊ नका. बायोडाट्याची प्रत पुढे करा आणि 'या कामाशी जुळतील अशा दोन गोष्टी सांगू का?' असं विचारून प्र. ३ मधल्या कागदावरची सर्वांत भक्कम दोन उदाहरणं सांगा. उत्तरं अर्ध्या लांबीची करा. स्वतःच सारखं बोलणारा मुलाखतकार असेल तर ऐकून घ्या आणि त्याच्याच एखाद्या मुद्द्याला धरून तुमचं काम जोडा. नाहीतर अर्धा तास छान गप्पा होतात आणि फॉर्म कोरा राहतो.

२६. नंतर आभाराचा मेल पाठवायचा का? उत्तर नाही आलं तर किती वेळा विचारायचं?

पाठवा, २४ तासांच्या आत, पाच-सहा ओळींचा. मुलाखतीत निघालेला एक नेमका मुद्दा त्यात यावा. कुणालाही चालेल असा साचेबंद मेल न पाठवलेलाच बरा. तिथल्या माणसाच्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपासा. निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून दोन कामाचे दिवस गेल्यावर एकदा विचारा, मग आठवड्याने आणखी एकदा. त्यानंतर थांबा. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज नको.

२७. घरी आल्यावर लक्षात आलं की एक उत्तर साफ चुकलं. आता काय?

बारीकसारीक असेल तर सोडून द्या. तांत्रिक उत्तर चुकलं असेल किंवा चुकीची तारीख, आकडा सांगितला असेल तर प्र. २६ मधल्या मेलमध्येच दोन ओळी घाला: 'साठा मोजण्याच्या प्रश्नावर मी अमुक म्हणालो होतो, ते चुकलं, बरोबर उत्तर असं आहे.' कारणं देऊ नका आणि सगळी मुलाखत पुन्हा लिहून पाठवू नका. खोलीतच लक्षात आलं तर निघण्यापूर्वी 'मघाच्या उत्तरात एक दुरुस्ती करायची आहे' असं म्हणून तिथेच करा, म्हणजे फॉर्म भरताना बरोबर उत्तर त्यांच्यासमोर असेल.